अनशापोटी आणि जेवणानंतर

एकाच वेळी पाच किंवा त्याहून अधिक औषधे नियमितपणे घ्यावी लागणे, यालाच वैद्यकात साधारणपणे बहुऔषधोपचार म्हणतात. त्याची चर्चा मुख्यतः वृद्धांच्या संदर्भात होते, कारण गोळ्यांची डबी आजी-आजोबांच्या उशाशीच असायची, असे समाजाने गृहीत धरलेले असते. ल्युपस या गृहीतकात बसत नाही. रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटणाऱ्या या विकाराच्या दर दहा रुग्णांपैकी सुमारे नऊ स्त्रिया असतात, आणि तो बहुधा १५ ते ४४ या वयात, म्हणजे शिक्षण, नोकरी आणि लग्नाची बोलणी यांच्या ऐन गर्दीत सुरू होतो.

उपचाराचा पाया हायड्रॉक्सिक्लोरोक्विन, हे मूळचे हिवतापावरचे औषध; आजार उसळला की प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड, आणि स्टिरॉइडची मात्रा कमी ठेवता यावी म्हणून प्रतिकारशक्तीला आवर घालणारे अझाथायोप्रिन. इथवर गोळ्या रोगासाठी असतात, पुढच्या मात्र गोळ्यांसाठी: हाडे ठिसूळ होऊ नयेत म्हणून कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व, पोट बिघडू नये म्हणून पँटोप्राझोल, रक्तदाब चढलाच तर त्याची निराळी. जोडीला थायरॉइडचा विकार असेल तर त्याची गोळी अनशापोटी घ्यायची आणि कॅल्शियम तिच्यापासून चार तास लांब ठेवायचे. परिणामी दिवसाचे भाग घड्याळापेक्षा पोटाच्या अवस्थेवरून पडतात.

स्टिरॉइडने चेहरा गोल होतो, त्याला डॉक्टर ‘मून फेस’ म्हणतात; चंद्रमुखी हे जिथे स्तुतीचे विशेषण आहे त्या भाषेत ही थट्टा जरा क्रूरच वाटते. लग्नकार्यात भेटलेली मावशी ‘तब्येत सुधारली हो!’ म्हणते, तेव्हा नेमकी आजार उसळल्याची खूणच तिच्या कौतुकाचा विषय झालेली असते, आणि तरुणी हसून वेळ निभावते, कारण ‘गोळ्या चालू आहेत’ हे वाक्य स्थळ पाहणाऱ्यांच्या कानी जाऊ नये, अशी घरच्यांची ताकीद असते.

दीर्घकालीन आजारांत विकसित देशांतही सरासरी निम्मेच रुग्ण सल्ल्याप्रमाणे औषधे घेतात, असे जागतिक आरोग्य संघटनेने २००३ मध्ये नमूद केले होते. गोळ्या चुकवणे ही सरसकट बेफिकिरी मानणे अन्यायाचे ठरेल. औषध लागू पडले की बरे वाटते आणि बरे वाटले की औषध अनावश्यक भासते, हा पेच विशीतल्या निरोगी मित्रमंडळींत अधिकच घट्ट होतो. स्टिरॉइड तर एकाएकी थांबवताही येत नाही, कारण बाहेरून पुरवठा होत असल्याने मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथींनी आपले काम मंदावलेले असते आणि ते पूर्ववत व्हायला वेळ लागतो; म्हणून मात्रा पायरीपायरीने उतरवतात. पाच मिलिग्रॅमची गोळी अडीचवर आली की ती अंगठ्याच्या नखाने मधोमध मोडायची, थोडा चुरा ओट्यावर सांडतो, आणि उरलेला अर्धा तुकडा फाटक्या चंदेरी पाकिटात उद्यासाठी परत जातो.