पाहुणा जातो, नाव मागे राहते

पावसाळा लागला की आमच्या चिंचोटीत धबधबा पाहायला तरुण मंडळी येतात. संध्याकाळी ती परततात. वाटेवर बाटल्या आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या उरतात. मग गावात कोणीतरी म्हणतेच, "मुंबईची पोरं अशीच!" कचरा टाकतात दहा जण, नाव जाते साऱ्या शहराचे.

फुटबॉल संघांमागे देशोदेशी फिरणाऱ्या समर्थकांचेही असेच झाले. २९ मे १९८५ रोजी ब्रुसेल्सच्या हेसेल मैदानावर लिव्हरपूलचे काही समर्थक युव्हेंटसच्या समर्थकांवर धावून गेले. चेंगराचेंगरी झाली, भिंत कोसळली, ३९ माणसे दगावली. शिक्षा मात्र सगळ्या इंग्लिश क्लबांना: युरोपच्या स्पर्धा पाच वर्षे बंद, लिव्हरपूलला सहा. इंग्लिश समर्थक म्हणजे दंगेखोर, हा शिक्का त्यानंतरच्या पिढीवरही राहिला. २०२२ च्या कतार विश्वचषकात इंग्लंड-वेल्सच्या एकाही समर्थकाला अटक झाली नाही, तेव्हा त्याचीही बातमी झाली!

त्याच स्पर्धेत २० नोव्हेंबरला कतार-इक्वेडोर सामना संपल्यावर काही जपानी प्रेक्षक मागे थांबले आणि त्यांनी खुर्च्यांखालचा कचरा पिशव्यांत भरला. त्या दिवशी जपानचा सामनाही नव्हता. जपानी शाळांत मुलेच वर्ग झाडतात. घरची सवय परदेशात दिसली.

चार जणांवरून सगळ्यांना तोलले की कसे वाटते, हे आपल्याला कोणी सांगायला नको. म्हणून धबधब्यावर येणाऱ्या प्रत्येक पोराला आपण तसे तोलू नये. आणि आपली मुले सहलीला निघाली की डब्यासोबत एक रिकामी पिशवीही द्यावी.