ताकदीची गोळी

घरात आजारी माणूस असले की आल्यागेल्याचा प्रश्न ठरलेला, "ताकदीचं काही देता का नाही?" आम्हीही दिले. त्याचीच ही हकिगत.

२०२२ साली आमच्या सासूबाईंना, मी त्यांना आत्या म्हणते, मोठ्या आतड्याचा कॅन्सर निघाला. ऑपरेशन झाले. पुढे कॅपेसिटाबिनच्या गोळ्या लागल्या. सकाळ-संध्याकाळ जेवणानंतर अर्ध्या तासाच्या आत, १४ दिवस. मग ७ दिवस सुट्टी. पहिली पाळी बरी गेली. आत्या गोठ्यापर्यंत जाऊन म्हशीच्या पाठीवरून हात फिरवून यायच्या. पण तोंड फिके दिसे. जावेच्या बाळंतपणातल्या लोह आणि फोलिक अॅसिडच्या गोळ्या घरात उरल्या होत्या, त्या सुरू केल्या. वर दुकानातून जीवनसत्त्वाच्या गोळ्यांची बाटली आणली. गर्भारणीला चालते ती गोळी म्हातारीला काय करणार, असे मीच म्हटले. डॉक्टरांना विचारले नाही. एवढ्याशा गोष्टीसाठी फोन कशाला!

दुसऱ्या पाळीच्या दहाव्या दिवशी जुलाब सुरू झाले. तोंड आले, भाकरी सोडाच, ताकही झोंबू लागले. तळहात-तळपाय लालभडक होऊन सालपटे निघू लागली. तिसऱ्या रात्री आत्यांना धड उठून बसवेना, तेव्हा जीप करून नेले. सलाईन लागले, गोळ्या थांबल्या. डॉक्टरीणबाईंनी विचारले, "आणखी काय देत होता?" मी पिशवी पुढे केली. त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर मला बरे वाटले असते.

कॅपेसिटाबिनचे शरीरात फ्लुओरोयुरॅसिल होते, आणि ते पेशींची वाढ रोखून धरते. फोलिक अॅसिडच्या जातीचे जीवनसत्त्व भरपूर असले की त्याची पकड आणखी घट्ट होते. ती कॅन्सरवर बसते तशी आतड्याच्या नाजूक अस्तरावरही बसते. डॉक्टर कधी कधी ल्युकोव्होरिन नावाने त्याच जातीचे औषध फ्लुओरोयुरॅसिलबरोबर मुद्दाम देतात. पण तेव्हा दोन्हींचे माप त्यांनी जुळवलेले असते. "हे औषध एकटंही असा त्रास देतं," बाई म्हणाल्या, "त्या गोळ्यांमुळंच झालं असं छातीठोक नाही सांगता येणार. पण भर पडली असणार."

गंमत पाहा. त्याच खोलीबाहेर बाकावर भेटलेल्या एका मावशींच्या यजमानांना फुप्फुसाच्या कॅन्सरसाठी पेमेट्रेक्सेड चालू होते. त्यांना डॉक्टरांनीच रोज फोलिक अॅसिड लिहून दिलेले, आणि दर ९ आठवड्यांनी बी-१२ चे इंजेक्शन. तेही मूळ औषधाच्या आठवडाभर आधीपासून, कारण ते नसले तर त्या औषधाने रक्तातल्या पेशी फार खाली जातात. माझी गोळी आणि त्यांची गोळी एकच! फवारणीच्या पंपात दोन औषधे एकत्र ओतण्यापूर्वी आमचे हे चार जणांना विचारतात. आणि मी घरच्या माणसाच्या पोटात न विचारता ओतली.

तीन आठवड्यांनी आत्यांच्या गोळ्या कमी मापाने पुन्हा सुरू झाल्या आणि पुरत्या झाल्या. आता खुंटीला एक कापडी पिशवी असते. परवा शेजारच्या काकू कसलेसे शक्तीचे चूर्ण घेऊन आल्या. मी काही बोलायच्या आत आत्याच म्हणाल्या, "ठेव त्या पिशवीत. बाईंना दाखवू, मग बघू."