पोहरा

'आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?' हे मी वर्गात किती वेळा म्हणालो असेन, मोजदाद नाही. पेपर तपासताना तर हमखास. ऐकणाऱ्या तिसरी-चौथीच्या पोरांतल्या निम्म्यांनी आड पाहिलेलाच नव्हता. बीडकडच्या आमच्या गावात पाणी म्हणजे बोअर, नाहीतर टँकर.

मी पाहिला होता. आजीच्या वाड्यात. काठाच्या दगडाला दोराच्या खाचा, बोट आत बसेल इतक्या. पोहरा पत्र्याचा, बुडाला भोक. शेंदून वर येईपर्यंत अर्धं पाणी परत आडात. आजी भोकात डांबर भरायची, ते उन्हानं सुटलं की चिंधी कोंबायची. पाणी कमी आलं म्हणून तिनं आडाला कधी बोल लावला नाही. चैतात पाणी तळाला जायचं, दोर पुरायचा नाही. मग शेजाऱ्यांचा दोर आणून गाठ मारायची, आणि ती गाठ नेमकी रहाटात अडकायची. दुपारभर तेच. असो, कुठून कुठे आलो.

म्हणीत आड आहे, पोहरा आहे. दोर नाही, शेंदणाराही नाही.

दिवाळी झाली की पटावरची पोरं आईबापाबरोबर ऊसतोडीला जायची. नवरा-बायको मिळून एक कोयता, उचल आधीच खर्चलेली. मुलींना हजेरीचा दिवसाला एक रुपया देण्याची योजना १९९२ची. त्या रुपयासाठी कोण मागे राहणार? पोरं परतायची तेव्हा वर्ग भागाकाराच्या पुढे गेलेला असायचा. पुढे हंगामी वसतिगृहं आली. काही पोरं गावात आपापल्या आजीजवळ राहिली, वसतिगृहात दोन वेळा जेवली. त्यांतल्याही काहींना भागाकार आला नाही, आणि फडावरून आलेल्या एकाला आला. याची संगती मला अजून लागलेली नाही.

एक मुलगी बापाची उचल किती फिटली ते तोंडी सांगायची. फळ्यावर ३०२ वजा १४५ मांडलं, तर गप्प. म्हटलं, शेजारच्याकडून उसना घे. ती म्हणाली, "गुरुजी, शेजारीच शून्य हाय. त्यो काय देणार?"

वर्ग हसला. मीही हसलो, आणि वर ती म्हण ऐकवली.

तिचं उत्तर चूक होतं हे नक्की. बाकी कशाचीच खात्री देत नाही. यंदाची दिवाळी झाली. काल वेशीजवळ ट्रॅक्टर उभा होता; ट्रॉलीत भांडी, कोंबड्या, आणि दोन दप्तरं होती.