कचऱ्यावरचा हक्क

कचरावेचक स्त्रियांविषयी लिहिताना त्यांच्या गरिबीची दखल जितकी घेतली जाते तितकी त्यांच्या जाणकारीची घेतली जात नाही, आणि पुण्यातील कचरावेचकांच्या संघटनेचा इतिहास समजून घेण्यातली मुख्य अडचण हीच आहे. शहरात गोळा होणाऱ्या ढिगातून पुठ्ठा, रद्दी, काच, पत्रा आणि दुधाच्या पिशव्या वेगळ्या काढणे, बोटांना लागताच प्लास्टिकची प्रत ओळखणे आणि भंगारवाल्याने वजनात घट धरू नये म्हणून ओला कागद आधी वाळवणे हे सारे अनुभवाने कमावलेले कौशल्य आहे. ते ज्यांच्यापाशी होते त्या प्रामुख्याने दलित स्त्रिया होत्या, आणि त्यांतील अनेकींची कुटुंबे 1972च्या दुष्काळानंतर गाव सोडून शहरात आली होती.

श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षण विभागातील लक्ष्मी नारायण आणि पौर्णिमा चिकरमाने यांनी 1990च्या सुमारास या स्त्रियांमध्ये काम सुरू केले. साक्षरतेपेक्षा स्त्रियांनी पुढे आणलेला प्रश्न निराळा होता: उकिरड्यात हात घालण्याऐवजी घरोघरीच सुका कचरा वेगळा मिळाला, तर मालही चांगला मिळेल आणि अंगावरची घाणही कमी होईल. पुढे 1993मध्ये, ‘हमाल पंचायत’ ही हमालांची संघटना उभारणाऱ्या डॉ. बाबा आढाव यांच्या पुढाकाराने कचरावेचकांची परिषद भरली आणि ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ ही कामगार संघटना उभी राहिली. हमाल पंचायतीचा अनुभव पाठीशी असल्यामुळे दयेची मागणी न करता श्रमाची मान्यता मागायची, हे धोरण पहिल्यापासून स्पष्ट होते. वस्तीवस्तीतून निवडलेल्या प्रतिनिधी बैठकांना येत, पोलीस चौकीत जात आणि भंगाराच्या दुकानात भावाबद्दल वाद घालत. या संघटनेचे नेतृत्व अशा अनेकींमध्ये विभागलेले होते, म्हणूनच ते टिकले.

महापालिकेची मान्यता असलेले ओळखपत्र ही या लढ्यातील पहिली मोठी मिळकत होय. पाठीवर पोते घेऊन पहाटे फिरणाऱ्या बाईवर चोरीचा संशय घेणे ज्या समाजात सहज घडते, तेथे आपण कामगार आहोत असे सांगणारा शिक्क्याचा कागद हाती असणे ही साधी गोष्ट नव्हे.

घनकचऱ्याच्या 2000 सालच्या केंद्रीय नियमांनी घरोघरी कचरा गोळा करण्याची जबाबदारी नगरपालिकांवर टाकली आणि त्यातूनच नवा धोका उभा राहिला, कारण हे काम ठेकेदाराकडे गेले असते तर कचरा गाडीत चढताच वेचणाऱ्यांची रोजी बुडाली असती. संघटनेचे उत्तर 2008मध्ये ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेच्या रूपाने प्रत्यक्षात आले. या संस्थेच्या मालक कचरावेचकच आहेत. महापालिकेशी तिचा करार असतो, प्रत्येक घराकडून वापरशुल्क, म्हणजे सेवेचा ठरावीक मासिक मोबदला, घेतला जातो आणि सुक्या मालाच्या विक्रीचे पैसे वेचणारीकडेच राहतात. दर महिन्याला दारात उभे राहून हक्काने पैसे मागण्याची ही पद्धत या सगळ्या रचनेतील सर्वांत मोलाची म्हटली पाहिजे, कारण त्यामुळे गृहिणी आणि कचरावेचक यांच्यातील नाते उपकाराचे न राहता सेवा व मोबदला यांचे झाले.

याच बळावर या स्त्रियांनी पुढे वापरलेल्या सॅनिटरी पॅडचा प्रश्न चव्हाट्यावर मांडला. उघड्या पॅडना हात लागल्याने होणारा त्रास सांगून, ते कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढावा अशी विनंती त्यांनी घराघरांत केली आणि उत्पादक कंपन्यांनाही जाब विचारला.

केंद्राच्या 2016च्या नियमांत कचरावेचकांची व्याख्या आली आणि त्यांना व्यवस्थेत सामावून घेण्याचे कर्तव्य स्थानिक संस्थांवर आले, हे खरे. तरीही अवजड गाड्या आणि मोठे ठेके यांकडे शहरांचा ओढा कायम आहे. कचरा न निवडता गाडीत दाबून नेला, की पुनर्वापरयोग्य माल वाया जातो आणि तो वेचणारीचे उत्पन्नही जाते. कराराचे नूतनीकरण वेळेवर व्हावे आणि उन्हापावसात रस्त्याच्या कडेला बसून करावे लागणारे वर्गीकरण प्रत्येक प्रभागात छपराखाली, पाण्याच्या नळाजवळ व्हावे, या मागण्या मान्य करण्यासाठी महापालिकांना कोणत्याही नव्या तंत्रज्ञानाची वाट पाहण्याचे कारण नाही.