भूतभाषा

दहावीच्या वर्गातील एक विद्यार्थिनी वहीच्या शेवटच्या पानावर एक विलक्षण लिपी गिरवीत असते. ती एल्फांची लिपी होय, असे तिनेच मला सांगितले. जे. आर. आर. टॉल्किन या आंग्ल प्राध्यापकाच्या 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' (१९५४-५५) या ग्रंथात एल्फ नावाची एक अमर जमात आहे. तिच्या क्वेन्या व सिंदारिन या भाषा त्याने स्वतः रचल्या. पहिलीत फिनिशचा नाद आहे, दुसरीत वेल्शचा. मौज अशी की, कथेसाठी भाषा जन्मल्या नाहीत. भाषा आधी झाल्या आणि त्या बोलणारे कोणी असावे म्हणून कथा झाली, असे तो सांगत असे.

आपल्याकडे नेमके उलट घडले. विद्यार्थिमित्रांनो, पैशाची भाषेचे नाव तुम्ही क्वचितच ऐकले असेल. दंडीने तिला भूतभाषा म्हटले आहे.

कथा प्रतिष्ठानची, म्हणजे आपल्या पैठणची. जलक्रीडेत राणी सातवाहन राजाला म्हणाली, 'मोदकैः', म्हणजे पाणी उडवू नका. राजाने संधी न ओळखता मोदक मागविले आणि राणीला हसू आवरेना! लज्जित राजाला सहा वर्षांत व्याकरण शिकवीन, असे गुणाढ्य म्हणाला. शर्ववर्मा म्हणाला, सहा महिन्यांत. तसे झाल्यास संस्कृत, प्राकृत व देशी या तिन्ही भाषा सोडीन, अशी प्रतिज्ञा गुणाढ्याने केली आणि तो हरला. मग विंध्यारण्यात त्याच्यापाशी उरली ती पिशाचांचीच भाषा. तिच्यात त्याने सात लक्ष श्लोकांची 'बृहत्कथा' स्वतःच्या रक्ताने लिहिली. राजाने ती झिडकारली. तेव्हा एकेक पान वाचून तो अग्नीत टाकू लागला आणि वनातील पशू चरणे विसरून अश्रू ढाळीत ऐकत राहिले. राजा धावत आला तोवर सहा लक्ष श्लोक जळाले होते. वाचलेला ग्रंथही पुढे लुप्त झाला. अकराव्या शतकातील सोमदेवाच्या 'कथासरित्सागरा'सारख्या अवतारांतूनच तो आपणांस भेटतो.

उरले ते नियम, आणि त्यांतील काही आपल्या गुजरातेतच जतन झाले. बाराव्या शतकात पाटणच्या हेमचंद्राने आपल्या व्याकरणात पैशाचीची सूत्रे दिली. तिच्यात मदनाचा 'मतन' होतो, 'ल'चा 'ळ' होतो. जल नव्हे जळ, कुल नव्हे कुळ! (एवढ्यावरून मराठी पैशाचीतून निघाली, असे मात्र कोणी परीक्षेत लिहू नये.) व्याकरण आहे, बोलणारा नाही. टॉल्किनच्या भाषांचेही आरंभी असेच होते. पण त्याने बोलणारे कल्पिले. गुणाढ्याच्या भाषेला ते कोण देणार?

हा प्रश्न माझ्यापुरता पुस्तकी नाही. आमची घरची भाषा कोकणी. १९९२ साली ती राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत आली. तिच्यात उत्तम साहित्य आहे, गोव्यात तिला उदंड माणसे आहेत. पण वडोदऱ्यातील आमच्या दोन खोल्यांत ती बोलणारी दोनच, माझी आवय आणि मी. शाळेत मराठी, बाजारात गुजराती. माझी आठ वर्षांची मुलगी रात्री आजीची काणी डोळे विस्फारून ऐकते आणि प्रश्न मराठीत विचारते. विंध्यातील हरणांनीही ऐकलेच होते.

परवा काणी मध्येच थांबली, आवयला डुलकी लागली होती. मुलीने तिचा पदर ओढला आणि म्हणाली, "मागीर? मागीर कितें जालें?"