गळ्यामागून ठेका

नवरात्र जवळ आलं की तुळजापूरच्या आसपासच्या गावांत नवी देवीगीतं जुळू लागतात. शब्द आपले, चाल आपली. अडतं ते साथीपाशी. वाजवणारे एका वेळी जमत नाहीत आणि स्टुडिओचं भाडं झेपत नाही. मग घरच्या लॅपटॉपवरच ट्रॅक करायचं ठरतं, आणि पहिला प्रश्न उभा राहतो: सॉफ्टवेअर कोणतं घ्यावं?

*

ऑडॅसिटी फुकट आहे, साध्या लॅपटॉपवरही चालतं. गळा रेकॉर्ड करायला, नको ते कापायला, थरावर थर चढवायला चांगलं. पण ढोलकीचे बोल किंवा पेटीचे सूर त्यात मांडून वाजवून घेता येत नाहीत. एलएमएमएसही फुकट, आणि त्याचा भर नेमका या मांडणीवर. ठेका एकात रचायचा, गायचं दुसऱ्यात. पैसा न घालता काम होतं.

*

मोबाइलच हाताशी असेल तर बँडलॅब. आयफोन असेल तर गॅरेजबँड आयतंच मिळतं.

*

बँड-इन-अ-बॉक्स 1990 पासून आहे. कॉर्ड लिहून द्या, ते अख्खी साथ वाजवून दाखवतं. सिनेगीताच्या वळणाच्या चालीला ते शोभतं. गोंधळाच्या गाण्यात मात्र तुणतुण्याची तार एकच सूर धरून असते. तिथे ओळीओळीला कॉर्ड बदलायला गेलं की चालीचा बाजच जातो. अशा गाण्याला एक सूर आणि एक ठेका पुरतो. कमी वाद्यांत गाणं उघडं पडेल अशी भीती बाळगू नये.

*

रीपर उघडलं की मिनिटाला 120 ची गती आणि चार मात्रांचं मोजमाप आधीच लावलेलं असतं. केरवा आठ मात्रांचा, तो त्यात सहज बसतो. दादरा सहाचा, त्याला मोजमाप बदलून घ्यावं लागतं. खरी कसोटी लयीची आहे. आराधी गाण्यात एक बाई ओळ टाकते, मागच्या उचलतात आणि लय हळूहळू चढत जाते. एकाच गतीच्या टिकटिकीवर ते गाणं बसवलं तर त्यातला जोर निघून जातो. रीपरमध्ये आधी मोकळं गाऊन घेता येतं आणि मग गाण्याच्या चालीप्रमाणे जागोजागी गती नेमून देता येते. 60 दिवस ते पूर्ण वापरून पाहता येतं. त्यानंतर वैयक्तिक परवाना 60 डॉलरचा. माझं मत यालाच.

*

तयार लूपच्या ढिगात तबला, ढोलक भरपूर सापडतात. आपला संबळ क्वचितच. म्हणून तो इथेच रेकॉर्ड करावा. जोडीतल्या दोन्ही भांड्यांचे आवाज वेगळे, काड्या वेगळ्या. एका काडीचं टोक वाकडं. मोबाइल अगदी जवळ ठेवला तर आवाज फाटतो. चार हात लांब ठेवावा, खोलीत पत्र्याकडच्या बाजूला जाड वाकळ टांगावी, पंखा बंद करावा. दोन-तीन आवर्तनं स्वच्छ मिळाली की त्यांवर अख्खं गाणं उभं राहतं. वाजवणाऱ्याला त्याची बिदागी द्यावी, आणि गाण्याखाली त्याचं नावही लिहावं.

*

सूर गाणाऱ्याचा धरावा. बाईंचा गळा काळी चारला खुलत असेल तर ट्रॅक काळी चारलाच करावा. मांडलेले सूर वर-खाली सरकवणं क्षणाचं काम आहे. गायलेला आवाज ओढूनताणून सरकवला की तो यंत्राचा वाटू लागतो.

*

निवड करताना नुसती यादी वाचू नये. आपलंच एक गाणं घ्यावं, आधी गावं, मग साथ लावून पाहावी. जे गळ्याला थांबवत नाही ते सॉफ्टवेअर ठेवावं.

*

काम झाल्यावर एकत्र केलेल्या एमपीथ्रीवर भागवू नये. गळा, संबळ, झांज, तुणतुणं यांच्या वेगवेगळ्या वेव्ह फाइली पेनड्राइव्हवर ठेवाव्यात. सीडीच्या दर्जाचा स्टिरिओ आवाज मिनिटाला साधारण 10 एमबी जागा घेतो, म्हणजे ओझं फार नाही. पुढच्या नवरात्रात गाणारी दुसरी असली तरी तिला आपल्या गावचीच साथ मिळेल.