लेख पाठवण्यापूर्वी

मुकुटबनला शिक्षकी करून निवृत्त झालो तेव्हापासून आमच्याकडे तरुण मुले-मुली आपल्या वह्या घेऊन येतात. "सर, लिहितो पण छापून येत नाही. काय करावे?" असे विचारतात. त्यांना उपदेश करण्याआधी आम्ही आमचीच फजिती सांगतो.

आम्ही चौथीत होतो. आई कापूस वेचायला जायची. संध्याकाळी काट्यावर वजन होई आणि मजुरी बाजाराच्या दिवशी मिळे. आईला अक्षरओळख नव्हती. मालकाच्या वहीत रोजचा आकडा एक-दोन किलोने कमी लागतो, अशी तिला शंका होती. म्हणून घरी आली की चूल पेटवण्याआधी ती आम्हांला वजन सांगायची आणि आम्ही ते शाळेच्या वहीच्या मागच्या पानावर लिहायचो. एका बाजाराच्या दिवशी आम्ही मालकासमोर ती वही मोठ्याने वाचली. त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या, पण हिशेब दुरुस्त झाला. आमचे पहिले लेखन ते.

नोकरी लागल्यावर आम्ही आईवर लेख लिहिला. त्यात तिला वात्सल्याचा सागर म्हटले, त्यागाची मूर्ती म्हटले. वहीचा उल्लेखही केला नाही. एका संपादकांनी तो परत पाठवला. सोबत एकच ओळ होती : "यात तुमची आई दिसत नाही." आठ दिवस आम्ही रागात होतो. नंतर पुन्हा बसलो आणि काटा, वही, बाजाराचा दिवस एवढेच लिहिले. तो लेख छापून आला.

रात्री आईला वाचून दाखवला. सगळा ऐकून ती म्हणाली, "त्या दिशी सव्वीस किलो भरला होता. तू बावीस कायले लिवलं? तूबी चार किलो खाऊन गेला काय?"

वही घरातल्या पेटीत होती. काढून पाहिली, तर सव्वीसच! आठवणीवर विसंबून आम्ही वही उघडलीच नव्हती. ज्या गोष्टीसाठी मालकाला दोष दिला, तीच आमच्या हातून झाली, आणि तीही छापून. दुरुस्तीचे पत्र पाठवले, संपादकांनी ते छापले. पण लेख वाचणाऱ्या किती जणांनी ते पत्र वाचले असेल?

तेव्हापासून आमचे काही नियम ठरले आहेत. तेच येणाऱ्या मुलांना सांगतो.

डोळ्यांनी पाहिले ते आधी लिहा, मत नंतर. 'समाजावर अन्याय होतो' या वाक्याने कोणी थांबत नाही. 'आईचे चार किलो गेले' म्हटले की वाचणारा थांबतो. माणसांचे बोलणे ती बोलतात तसेच ठेवा. आपल्या भागात वऱ्हाडीबरोबर तेलुगू, गोंडी, कोलामी कानावर पडते. आईच्या तोंडी पुस्तकी मराठी घातली तर ती दुसऱ्याची आई होते.

लिहून झाले की दोन दिवस बाजूला ठेवा, मग मोठ्याने वाचा. जीभ अडखळते तिथे वाक्य मोडा. सन, तारीख, नाव, आकडा कागद काढून ताडून पाहा. ज्याच्याविषयी लिहिले त्याला आधी वाचून दाखवा. नाव छापायचे तर विचारून छापा.

पाठवण्याआधी त्या नियतकालिकाचे चार-पाच अंक वाचा. सहाशे शब्दांच्या जागेसाठी दोन हजार शब्द पाठवले, तर संपादक कात्री लावतील किंवा लेख परत करतील. १४ एप्रिलच्या अंकासाठी १० एप्रिलला पाठवलेला लेख कितीही चांगला असला तरी उपयोगाचा नाही. निदान महिनाभर आधी पोचला पाहिजे. दिवाळी अंकाची तयारी तर पावसाळ्यातच सुरू होते. कागदावर पाठवत असाल तर एका बाजूला, समास सोडून, पानांना आकडे घालून लिहा आणि प्रत स्वतःजवळ ठेवा. मोबाइलवरून पाठवत असाल तर नाव, पत्ता लिहायला विसरू नका. एकच लेख एका वेळी दोन ठिकाणी पाठवू नका. परत आला तर लाज वाटून घेऊ नका, दुरुस्त करून पुढे पाठवा.

मुली म्हणतात, "आम्हांला कुठे जमणार?" त्यांना आम्ही मुक्ता साळवेची आठवण देतो. पुण्याच्या फुले दांपत्याच्या शाळेतल्या या मातंग मुलीचा निबंध १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला, तेव्हा ती अवघी चौदा वर्षांची होती. फलटणच्या बेबीताई कांबळे यांनी छोटे दुकान सांभाळत, घरच्यांपासून लपवून कितीतरी वर्षे लिहिले. पुढे 'स्त्री' मासिकातून आणि १९८६ साली पुस्तकरूपाने 'जिणं आमुचं' लोकांसमोर आले. बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' काढला, कारण आपले म्हणणे आपल्यासाठी दुसरे कोणी छापणार नव्हते. आज छापणारे आहेत. लिहिणारे हवेत.

आमच्या झरी-जामणी तालुक्यात कापसाच्या जोडीला कोळसा आणि सिमेंटही आले. कोणाची जमीन गेली, कोणाला काम मिळाले, धुळीत कपडे कसे वाळतात, हे बाहेरून येणारा एका दिवसात लिहून जाईल. पण सव्वीसचे बावीस झाले तर ते त्याला कोण सांगणार? ते ज्याच्या घरात घडले त्यानेच लिहिले पाहिजे.

आई आता नाही. तो अंक, ते दुरुस्तीचे पत्र आणि ती वही अजून त्याच पेटीत आहेत. नवा लेख लिहिला की पाकीट बंद करण्याआधी आम्ही ती पेटी एकदा उघडतो.